नाल्यापलीकडचं हॉटेल

पहिल्यांदा दिसली ती एक निळी रेघ. बंगलोरच्या विमानतळापासून निघालेली, दोन ठिकाणी किंचित वळलेली, आणि मग शहराच्या पोटात शिरून एका लाल टिकलीपाशी थांबलेली. रविवारची दुपार होती. मी टेबलाशी, कॉम्प्युटरसमोर. आई शेजारच्या खुर्चीत, ऑपरेशन झालेला गुडघा स्टुलावर लांब करून. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा येऊन तिच्या पायावर पडला होता, आणि लोक नदीकडे पाहत बसतात तशी ती त्या रेघेकडे पाहत होती.

"हे पाणी हाय का वं?"

"रस्ता हाय आई. आपली गाडी याच्यावरून जाईन. कॉम्प्युटर निळा दाखवते."

"मले तं पाण्यावानीच दिसून राहिलं," ती म्हणाली.

आमचं हे टेबल जिथं आहे तिथं पूर्वी बाबांच्या हातमागाचा खड्डा होता. बाबा त्यात पाय सोडून बसायचे आणि लुगडी विणायचे. आई कोपऱ्यात बसून त्यांच्या धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरायची. माग विकला, मग बाबा गेले, मग खड्डा आम्ही सिमेंटनं बुजवून घेतला. फरशीचा तेवढा तुकडा अजून वेगळ्या रंगाचा दिसतो. तिथं बसलं की पाय जमिनीत थोडे खोल गेल्यासारखे वाटतात, आणि दुपारी घर शांत असलं की खालून कोणीतरी मागाची पावडी दाबतंय असा भास होतो. नागपुरातल्या गोळीबार चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत असे बुजवलेले खड्डे बऱ्याच घरांत आहेत. वर कुठे फ्रीज आहे, कुठे शिलाई मशीन, कुठे दिवाण.

मी या घरातली पहिली बी. कॉम. हे मी सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डिग्री हातात आली तेव्हापासून गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. उत्पन्नाचा दाखला, गॅसचं कार्ड, पोरांच्या शिष्यवृत्त्या. माझ्या हातचा फॉर्म कधी परत आलेला नाही, कारण मी एकही रकाना मोकळा सोडत नाही. नोकरीही तशीच मिळाली. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. बाहेरगावचे इंजिनिअर येतात, कधी परदेशातले येतात. त्यांच्यासाठी विमानतळावर गाडी उभी करायची, हॉटेल ठरवायचं, ड्रायव्हरच्या हातात नावाची पाटी द्यायची. चौदा वर्षं मी लोकांना विमानतळावरून उचलून हॉटेलात नेऊन ठेवते आहे. स्वतः एकदाही अशा गाडीत बसले नव्हते. त्या रविवारी पहिल्यांदा मी प्रवाशाच्या रकान्यात आईचं नाव टाकलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट, आणि ते पडद्यावर उमटलं तेव्हा मला जे वाटलं ते पदवीदान समारंभात वाटलं होतं तसंच काहीसं होतं.

जायचं होतं ते माझ्या बहिणीकडे. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. आणि आमच्यात अजून काही घरी पाळतात की, लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही, तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बहुतेकांनी सोडून दिलं. आईनं सोडलं नाही.

सात वर्षांपूर्वी बहिणीनं फ्लॅट घेतला तेव्हा आई रेल्वेनं गेली होती, गृहप्रवेशाला. तिथं पूजेला बसलेल्या पन्नास माणसांत तिनं पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि पाणी प्यायलं. जेवायच्या वेळी "मले भूक नाही" म्हणून खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खाऊन आली. बहीण तेव्हा हसली होती. पण नंतर जसजशा डॉक्टरांकडच्या खेपा वाढत गेल्या तसतसं ते तिच्या आत कडक होत गेलं असावं. एकदा ती रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांना दाखवायला म्हणून इथं आली. आठ दिवस राहिली. गल्लीतल्या बायका पाणी भरता भरता विचारायच्या, "काही हाय का वं बाई?" आठव्या दिवशी तिनं बॅग भरली. त्यानंतर चार वर्षं ती नागपूरला आली नाही, आणि आईनं जायची गोष्ट काढली की फोनवर एकच म्हणायची, "यायचं तर माझ्या घरी उतरायचं. माझ्या हातचं पाणी प्यायचं. नाही तर येऊ नको."

आईला जायचं होतं. पण असं जायचं नव्हतं.

मी तिच्याशी पुष्कळ भांडले. "रोज माह्या पगाराचं खातेस ना? ते चालते?"

"तुह्यं कुठं लगन झालं? तुह्यं घर म्हंजे माह्यंच घर."

"मंग तिचं काहून नाही?"

"तिच्या घराले अजून दार उघडाचं हाय," ती म्हणाली. मला आधी काही समजलं नाही. मग तिनंच सांगितलं, खाली पाहत, साडीचा काठ बोटाला गुंडाळत. "म्या जर का आज तिच्या घरचं पाणी पेलं ना वं मोठे, तं त्याचा मतलब का होते? का म्या आस सोडली. आईनंच सोडली. मंग कोन धरन?"

तेव्हा कळलं की ही नुसती रीत नव्हती. ती बारा वर्षं तहान धरून बसली होती, पोरीसाठी. आणि पोरीला वाटत होतं, आई मला कमी समजते. दोघींमध्ये एक पेला पाणी होतं, आणि माझ्या बहिणीची चाळिशी जवळ आली होती.

म्हणून हॉटेल ठरलं. ही तोड आईचीच. हॉटेल म्हणजे कुणाचं घर नाही, तिथलं पाणी कुणाचंच नाही. चार दिवस हॉटेलात राहायचं, तिथंच जेवायचं, लेकीला भेटून यायचं. माझा हिशोब वेगळा होता. एकदा आई शहरात पोचली, मी फोन केला, की बहीण विरघळेल. समोर आलेल्या आईला कोण परत पाठवतं?

गुडघ्यामुळे रेल्वे शक्य नव्हती. विमानाची तिकिटं काढली. मग हॉटेल शोधायला बसलो. मी सवयीनं बहिणीच्या घराजवळची दाखवायला लागले, तर आई म्हणाली, "इतक्या जवळ नको. मधात नाला पायजे."

"कशाले?"

"गावाची शिव बदलली पायजे ना वं. आपल्या आजीच्या टाइमाले लेकीच्या गावाचंच पाणी नाही चालत होतं. नाला ओलांडला म्हंजे दुसरं गाव."

"आई, बंगलोरात गावं नाही राहिली. सगळं एकच हाय."

"तू पाह्य तं."

पाहिलं. एवढ्या मोठ्या शहरात मी आईसाठी नाला शोधत होते. नकाशा बोटानं सरकवत, मोठा करत, लहान करत. हिरवे ठिपके म्हणजे बागा, निळे ठिपके म्हणजे तलाव. बहिणीच्या घरापासून थोड्या अंतरावर एका तलावातून एक बारीक निळा धागा निघून रस्त्याखालून जात होता. त्याच्या पलीकडे एक हॉटेल होतं. आई पुढे वाकून पाहत होती. तिच्या श्वासानं पडदा धुरकट झाला.

"हे चालन," ती म्हणाली. "इथून तिचं घर दिसन का?"

"फोटोत तं इमारतीच दिसून राहिल्या."

"गच्चीवरून दिसन," तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

मग गाडी. टॅक्सी तिथं उतरूनही मिळते, पण मला ती नको होती. मला पाटी हवी होती. आई बाहेर येईल, तिचं नाव धरून कुणीतरी उभं असेल, सामान उचलेल, दार उघडेल. विमानतळ शहरापासून लांब आहे, दीड तासाचा रस्ता. त्या दीड तासात आईला कुणाला काही विचारावं लागू नये, असं वाटत होतं. मी फॉर्म भरत गेले आणि ती शेजारून प्रश्न विचारत गेली, झोपेत बोलल्यासारखे, हळू.

"थो मानूस केव्हाचा उभा राहीन तिथं?"

"विमान उतरायच्या आधीपासून."

"आन् विमान लेट झालं तं?"

"तरी उभा राहीन. त्याईले समजते."

"त्याले चहा पाजा लागन," ती म्हणाली. "मराठी समजन का त्याले?"

"हिंदी समजन."

"मंग का चिंता हाय. हिंदी तं आपली घरचीच."

प्रवासी दोन. बॅगा दोन. उतरण्याचं ठिकाण, हॉटेल. वृद्ध प्रवासी आहेत का, हो. खाली एक रकाना होता, तिथल्या संपर्काचं नाव आणि नंबर. त्याच्यापुढे चांदणी नव्हती, म्हणजे भरला नाही तरी चालतं. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. ऑफिसात मी त्यात नेहमी यजमान कंपनीच्या माणसाचा नंबर टाकते. हात सवयीनं चालला. मी बहिणीचं नाव टाकलं, बहिणीचा नंबर टाकला, आणि बुक केलं. पडद्यावर हिरवी खूण आली. आईनं त्या खुणेला हात जोडले.

सोमवारी सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते. बस वर्धा रोडला लागली होती. खिडकीबाहेर धुकं होतं, शेतांवर पातळ दुधासारखं पसरलेलं, आणि मी अर्धवट झोपेत त्या निळ्या रेघेवरून चालले होते. फोन वाजला. बहीण.

रागावली की ती पुस्तकी बोलते. "मला एक मेसेज आला आहे. वाचून दाखवते. 'आपले पाहुणे अमुक तारखेला येत आहेत. त्यांना अमुक हॉटेलवर सोडण्यात येईल. काही बदल असल्यास या क्रमांकावर कळवा.' माझी आई माझ्या गावात येणार, हे मला गाडीवाला सांगतो?"

माझी झोप उडाली. "ऐक ना..."

"हॉटेल कुठलं ते पाहिलं मी. नाल्याच्या पलीकडचं. ते तूच शोधलंस ना? की तिनं शोधायला लावलं?"

"दोघींनी मिळून."

"छान. पाहुणे म्हणे." आणि तिनं फोन ठेवला. पुढचे अकरा दिवस, आम्ही निघेपर्यंत, उचलला नाही.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. माझी चूक होती, लपवून काय करायचं. आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "का का बोलली?" मी शब्दन्‌शब्द सांगितलं. आई तांदळात बोटं फिरवत राहिली.

"चिडली म्हंजे वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "ज्याले काही घेनंदेनं नसते, थो चिडत नाही."

"आन् भेटलीच नाही तं?"

"नाल्याच्या या बाजूनं पाहून येईन."

मला रडू आलं, आणि रागही आला. मी म्हटलं, "तुह्या नाल्याचं काही सांगू नको मले." ती हसली. म्हणाली, "शोधला तं तूच ना वं."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. आईनं मूगवड्या, जवसाची चटणी आणि दशम्या घेतल्या होत्या, आणि मला न सांगता हातातल्या पिशवीत पाण्याच्या तीन बाटल्या. आमच्या घरच्या नळाचं पाणी, गाळून, उकळून. तपासणीच्या ठिकाणी मशीननं त्या दाखवल्या. खाकीतली बाई म्हणाली, पाणी आत नेता येत नाही.

"बाई, घर का पानी है," आई म्हणाली.

"अम्मा, तो यहीं पी लो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं एक बाटली उघडली आणि तिथंच, बूट काढणाऱ्या, पट्टे सोडणाऱ्या माणसांच्या गर्दीत, हळूहळू सगळी संपवली. बाकीच्या दोन त्या बाईच्या हातात दिल्या. "तूच पिजो बेटा. अच्छा पानी है." ती बाई हसली, आणि खरंच, बाटल्या तिनं डब्यात टाकल्या नाहीत. निदान आम्ही दिसत होतो तोवर तरी नाही.

विमानात आई खिडकीशी बसली. खाली आधी नागपूरची घरं दिसली, मग शेतांचे तुकडे, मग ढग. ढगांवर ऊन पडलं होतं. तिनं कपाळ काचेला टेकवलं आणि तशीच राहिली. मला वाटलं झोपली. थोड्या वेळानं म्हणाली, "पिंजलेला कापूस हाय निरा." माझ्या मनात एकच घोळत होतं, संध्याकाळी मी फोन करीन आणि ती उचलणार नाही.

बंगलोरला बाहेर आलो तर पाट्यांची रांगच होती. मी चौदा वर्षं पाट्या पाठवल्या, पण पाटीच्या या बाजूला उभं राहून कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या माणसाच्या हातात आईचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला ते वाचता येत नव्हतं.

"कोनता?"

"थो निळ्या शर्टाचा."

"का लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि त्या माणसाकडे अशी चालत गेली की मला वाटलं, गुडघ्याचं ऑपरेशन दुसऱ्याच कुणाचं तरी झालं असावं.

ड्रायव्हर पन्नाशीचा होता, कमी बोलणारा. गाडीत गार होतं आणि बाहेरचा आवाज आत येत नव्हता. मोठमोठे फलक, अर्धवट इमारती, पूल, पुलावर पूल, सगळं मुकं होऊन काचेवरून सरकत होतं. आणि मध्येच झाडं यायची. एकही पान नाही, नुसती गुलाबी फुलं. रस्त्याच्या कडेला खालीही त्यांचाच सडा. आई प्रत्येक झाडाकडे मान वळवून पाहायची, ते मागे जाईपर्यंत.

"हे कोनी लावले असन?"

"सरकारनं."

"लेकरावानी वाढवले हायेत," ती म्हणाली. आणि पुढच्या झाडाकडे वळली नाही, आपण काय शब्द वापरला ते लक्षात आल्यासारखी.

माझे डोळे मिटत होते. पण तो नकाशा मी इतक्यांदा पाहिला होता की तो माझ्या पापण्यांच्या आत होता. तलाव डावीकडे येणार, मग रस्ता सरळ, मग नाला, मग हॉटेल. तलाव डावीकडे आला. पाणी नुसतं चमकत होतं. आणि गाडी सरळ जायच्या ऐवजी वळली.

मी सरसावून बसले. "भैया, होटल तो सीधा है ना?"

"ड्रॉप बदल गया मॅडम." त्यानं आरशातून पाहिलं. "सुबह चेंज हुआ. लोकल कॉन्टॅक्ट ने फोन करके करवाया." त्यानं आपला मोबाइल मागे धरला. त्यावर पत्ता होता. तो मला पाठ होता.

आईला हिंदी समजते. मला काही सांगावं लागलं नाही. तिचा हात सीटवर होता, तो तिनं मांडीवर घेतला.

"हॉटेलवर न्याले सांगू का?" मी विचारलं. "मी सांगितलं तं नेईन थो. बुकिंग माह्या नावानं हाय."

ती काचेबाहेर पाहत होती. गाडी एका लहान रस्त्याला लागली होती. दोन्हीकडे भिंती, भिंतींवरून लोंबणाऱ्या वेली, एका दारात रांगोळी, एका दारात झोपलेलं कुत्रं. सगळं हळू, पाण्याखालून दिसावं तसं. मला वाटलं हा रस्ता संपूच नये. तो संपला की दोघींपैकी एकीला हरावं लागणार होतं, आणि मला दोघीही हरायला नको होत्या.

"आई?"

"गाडी चालून राहिली ना," ती म्हणाली. "चालू दे."

फाटकाशी बहीण उभी होती. घरातला सुती ड्रेस, केस ओले, चष्मा. चार वर्षांत तिच्या कानाजवळ पांढरं आलं होतं आणि तिनं ते रंगवलं नव्हतं. गाडी थांबली तशी तिनं आईच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर आई."

आई बसून राहिली. "म्या तुले सांगितलं होतं."

"मले माहीत हाय तू का सांगितलं होतं."

"मंग काहून आनलं मले इथं?"

"तुले फसवून आनलं. हो. फसवलं मी." तिचा आवाज जरा फाटला. "तू बारा वर्षं माह्या दारात उभी हायेस, आत येतच नाहीस. मी का करू मंग?"

ड्रायव्हर उतरला, आमच्या बॅगा काढून फाटकाशी ठेवल्या, आणि पलीकडे जाऊन एका झाडाकडे पाहत उभा राहिला. शहाणा माणूस.

"तुह्याचसाठी थांबली हावो म्या," आई म्हणाली.

"आम्ही डॉक्टर बंद केला, आई. दीड वर्ष झालं. तुले नाही सांगितलं. ताईलेही नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ही गोष्ट सांगायला तिला मी नको होते, आई हवी होती. "दोघांनी बसून ठरवलं. खूप रडली मी. मंग उठली. कामाले लागली. आता मी बरी हावो. तू एकटीच बसून हायेस तिथं. मी कवाची उठून गेली."

आई तिच्याकडे पाहत होती. आस सोडताना माणूस कसं दिसतं ते मी त्या दुपारी पाहिलं. मला वाटलं होतं ती मोडून जाईल. तसं काही झालं नाही. चेहऱ्यावरचं काहीतरी फक्त खाली उतरलं, डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवताना उतरतं तसं, दोन्ही हातांनी, जपून, आवाज न करता.

"दीड वर्ष," ती म्हणाली. "आन् मले आत्ता सांगून राहिली."

"तू फोनवर रोज विचारत होती, उपास कोनता केला म्हनून."

"मंग सांगाचं होतं."

"आता सांगितलं ना."

"हो. आता सांगितलं." आईनं एक पाय बाहेर टाकला. मग थांबली. "हात दे वं लहाने. गुडघा आखडला."

लिफ्टमध्ये आम्ही तिघी एकमेकींना खेटून उभ्या होतो. सहावा मजला. दार उघडंच होतं. आत आई कुठं थांबली नाही, भिंतींकडे पाहिलं नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या खुर्चीवर बसली. खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसत होता.

"दे," ती म्हणाली.

बहिणीनं पेला घेतला. तो काठोकाठ भरला आणि पाणी ओट्यावर सांडलं. तिनं तो तसाच आणून दिला. आईनं तो दोन्ही हातांत धरला. तिचे ओठ हलले, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मग ती प्यायली. अर्धा पेला झाल्यावर थांबली, डोळे मिटले, पुन्हा प्यायली. गालांवरून ओघळत होतं ते तिनं पुसलं नाही. पेला रिकामा झाला तसा तिनं पुढे केला.

"आनखी दे."

बहीण आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. नळ सुरू होता, आणि तिचे खांदे हलत होते. पेला केव्हाच भरून वाहत होता. मी जवळ जाऊन नळ बंद केला.

"पोळ्या किती टाकू?" बहीण म्हणाली, तशीच, न वळता.

"भाजी का हाय?"

"वांगी."

"मंग तीन टाक," आई म्हणाली, आणि दुसरा पेला तोंडाला लावला.